सर्व्हर फुकट मिळतो, राखण फुकट होत नाही : ओपन सोर्स सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्याची माहिती

शाळेचे निकाल, जमातीच्या सभासदांची यादी, ट्रस्टचे हिशेब, मदरशातल्या मुलांचे दाखले, दवाखान्यातले रिपोर्ट. पूर्वी हे सगळं लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची चावी कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. आता हीच माहिती संगणकावर गेली आहे. खर्च वाचावा म्हणून बऱ्याच संस्था लिनक्ससारखं मोफत, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअर वापरून स्वतःचा छोटा सर्व्हर बसवतात. निर्णय चांगलाच आहे. पण बसवून देणारा मुलगा पुढे पुण्याला किंवा दुबईला नोकरीला जातो आणि मशीन कोपऱ्यात एकटं चालू राहतं. पासवर्ड कुणाकडे, बॅकअप कुठे, शेवटचं अपडेट कधी झालं, हे विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

लोकांची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते या लेखात आम्ही क्रमाने देत आहोत.

कोकणच्या बंदरात काय झालं होतं

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, म्हणजे न्हावाशेव्यात, याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल आहे. तिथले संगणक बंद पडले आणि कंटेनर हलवण्याचं काम ठप्प झालं. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं जहाजावर आणि बंदरात नोकरी करतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला लांबची नाही.

नॉटपेट्या ज्या फटीतून शिरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. शिवाय एका मशीनमध्ये शिरला की तो तिथल्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डने अपडेट केलेल्या मशीनमध्येही जायचा. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचं असेल, असा अंदाज कंपनीनेच दिला होता.

कंपनीच्या सगळ्या संगणकांवरची खाती आणि परवानग्या सांभाळणारे मुख्य सर्व्हर जगभर एकाच वेळी पुसले गेले होते. वाचला तो फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का वाचला? हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याची प्रत विमानाने इंग्लंडला नेली आणि त्यावरून बाकीचं उभं केलं. एवढी मोठी कंपनी वाचली ती नशिबाने मिळालेल्या एका बॅकअपमुळे.

ही मशीनं विंडोजची होती. म्हणून लिनक्सवाल्यांनी निर्धास्त झोपावं असं नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं की 'एक्सझेड' या लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. तो प्रोग्राम सांभाळणारा माणूस एकटा होता. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि मग घात केला. फ्रॉइंड यांना शंका आली ती लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढ्यावरून. कोड उघडा होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आलं, पण आधी कुणीतरी बारीक नजरेने बघत होतं, हे विसरता येत नाही.

आधी शब्दांची ओळख

*सर्व्हर* म्हणजे इतर संगणकांना सेवा देणारा संगणक. तो मोठ्या थंड खोलीतच असतो असं नाही. शाळेच्या ऑफिसातला जुना संगणकही सर्व्हर होऊ शकतो.

*राउटर* समजायला आमचा कसालचा तिठा बघा. मुंबई-गोवा महामार्गाने कणकवलीकडून आलेली गाडी इथून मालवणकडे वळते किंवा सरळ ओरोस-कुडाळला जाते. राउटर माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचून त्याला असंच वळवतो.

*पोर्ट* म्हणजे सर्व्हरचे क्रमांक घातलेले दरवाजे. वेबसाइट ८० आणि ४४३ वर चालते. लांबून सर्व्हर चालवण्याची सोय, म्हणजे एसएसएच, सहसा २२ वर असते.

*फायरवॉल* म्हणजे नाका. कुठल्या दरवाजातून कुणाला सोडायचं ते तो ठरवतो.

*ओपन सोर्स* म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आत तोच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे ५०० नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

कारभार : रोजची शिस्त

पहिली गोष्ट खात्यांची. लिनक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी असतो. रूटचा पासवर्ड चौघांत वाटू नये. प्रत्येकाचं वेगळं खातं करावं आणि गरजेपुरता अधिकार 'सुडो'ने द्यावा. मग कुणी काय केलं याची नोंद नावासकट राहते. माणूस संस्था सोडून गेला की त्याच दिवशी खातं बंद करायचं, मग तो घरचा असला तरी. यात अविश्वास नाही, रीत आहे.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. सर्व्हरला दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं तिला सुरक्षेची अपडेट मिळतात. डेबियनही साधारण पाच वर्षं सांभाळलं जातं. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. ते अजून कुठे चालू असेल तर ते छप्पर उडालेलं घर समजावं. आत सामान आहे, पण पाऊस आला की भिजणारच.

तिसरी गोष्ट अपडेटची. सुरक्षेची अपडेट आपोआप बसतील अशी सोय डेबियन-उबुंटूत आहे, ती चालू करावी. पण गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, अपडेट मशीन पुन्हा सुरू केल्याशिवाय सहसा लागू होत नाही. पुष्कळ ठिकाणी अपडेट बसलेलं असतं आणि मशीन वर्षभर रीस्टार्टच केलेलं नसतं. महिन्यातून एक रात्र त्यासाठी ठरवून ठेवावी.

चौथी गोष्ट, जे लागत नाही ते काढून टाकावं. न वापरलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे विनाकारण उघडी खिडकी.

पाचवी गोष्ट घड्याळाची. सर्व्हरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवं. घड्याळ चुकलं तर कधी काय घडलं याच्या नोंदींना काही अर्थ राहत नाही.

आणि एक साधी दोनशे पानी वही. कधी काय बदललं, कुणी बदललं, हे तारखेनिशी लिहायचं. संगणक बंद पडला तरी वही उघडते.

नजर : काय बघायचं आणि कसं

सर्व्हर बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण अगदी साधं आहे, डिस्क भरणं. नोंदींच्या फाइली वाढत जातात, जागा संपते आणि डेटाबेस थांबतो. डिस्क ८० टक्के भरली की निरोप यावा अशी सोय करावी. जुन्या नोंदी आपोआप आवरायला 'लॉगरोटेट' असतंच.

याशिवाय मेमरी, मशीनवरचा भार, वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत, शेवटचा बॅकअप कधी झाला आणि लॉगिनच्या नोंदी, एवढं बघावं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरच्या एसएसएच दरवाजावर अनोळखी प्रोग्राम सतत पासवर्ड आजमावत असतात. नोंदीत असे हजार अयशस्वी प्रयत्न दिसले तर घाबरू नये. घाबरण्यासारखं असतं ते रात्री तीन वाजता अनोळखी पत्त्यावरून झालेलं एक यशस्वी लॉगिन.

ही नजर ठेवायलाही मोफत साधनं आहेत. नॅगिऑस १९९९ पासून आहे, झॅबिक्स २००१ पासून. प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालं आणि त्याचे आकडे आलेखात दाखवायला ग्राफाना वापरतात. एक-दोन मशीन असतील तर मोनिट किंवा नेटडेटा पुरेसं आहे. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. नजर ठेवणारा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर असावा, कारण बंद पडलेला सर्व्हर मी बंद पडलो असं सांगू शकत नाही. आणि निरोप मोजकेच यावेत. दिवसाला शंभर निरोप आले की माणूस एकही वाचत नाही.

नजर कधी ढिली पडते हे हल्लेखोरांना चांगलं ठाऊक असतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला, तो दुसरा शनिवार होता, बँकेची सुट्टी. बँकेच्या यंत्रणेऐवजी खोटी यंत्रणा पैसे काढायला होकार देत राहिली. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या त्या एटीएममध्ये कोल्हापूरचीही होती. सोमवारी १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. आपल्या संस्थेने यातून घ्यायचं ते एवढंच, की ईदच्या सुट्टीत, गणपतीत आणि मे महिन्यात सर्व्हरकडे बघणार कोण, हे सुट्टी लागायच्या आधी ठरवावं.

कुलूप : सर्व्हरची सुरक्षा

एसएसएचसाठी पासवर्डऐवजी चावीची फाइल वापरावी. तिची एक बाजू आपल्याकडे, दुसरी सर्व्हरवर. ती नीट चालते हे तपासलं की पासवर्डने लॉगिन बंद करावं आणि रूटचं थेट लॉगिनही बंद करावं. हे बदल करताना एक जोडणी उघडी ठेवून दुसरीतून तपासावं, नाहीतर स्वतःच बाहेर कोंडून घ्यायची वेळ येते.

फायरवॉलचा नियम सोपा ठेवावा. सगळं बंद, आणि लागेल तेवढंच उघडं. डेटाबेसचा दरवाजा इंटरनेटवर कधीच उघडा नको. वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्या पत्त्याला काही वेळ अडवायला 'फेलटूबॅन' आहे.

वेबसाइटचं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून मोफत मिळतं. त्याची मुदत थोड्या महिन्यांचीच असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करावी आणि ते झालं का तेही बघावं.

अनेक संस्थांच्या वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत. वर्डप्रेस स्वतः चांगलं सांभाळलं जातं, पण त्याला जोडलेली जुनी प्लगइन ही नेहमीची कच्ची जागा. विकतचं प्लगइन कुणीतरी 'फुकटात' देतो म्हणून घेऊ नये. त्यात बरेचदा चोरदरवाजा असतो, आणि दुसऱ्याचा हक्क मारलेली वस्तू वापरणं तसंही बरोबर नाही. ओपन सोर्समध्ये हलालपणे मोफत मिळणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत.

नेटवर्क : राउटर, वायफाय आणि कॅमेरे

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो राउटर आणि सीसीटीव्ही यंत्रं ताब्यात घेतली. त्याच्याकडे मोठी कला नव्हती. कारखान्यातून येणारे साठेक ठरलेले नाव-पासवर्ड तो एकेक करून आजमावायचा. दुकानातला, शाळेतला, मशिदीच्या आवारातला कॅमेरा बसवल्यावर त्याचा मूळ पासवर्ड आपण बदलला होता का, हे आजच बघावं.

नेटवर्कचे भाग पाडावेत. ऑफिसचे संगणक एका भागात, मुलांचे दुसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्यात, कॅमेरे चौथ्यात. मग पाहुण्याच्या फोनमधला व्हायरस हिशेबाच्या संगणकापर्यंत सहज पोचत नाही. राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी आणि मोठ्या जागेसाठी पीएफसेन्स ही मोफत साधनं आहेत. घरून सर्व्हरवर काम करायचं असेल तर दरवाजे उघडण्याऐवजी 'वायरगार्ड'चा खासगी बोगदा वापरावा. मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवू नये.

बॅकअप : तीन, दोन, एक

नियम असा की माहितीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावात. रोजच्या प्रतींसाठी 'आरसिंक', तर कुलूपबंद प्रतींसाठी 'बोर्ग' किंवा 'रेस्टिक' वापरतात. यातली एक प्रत तरी एरवी तुटलेली हवी. काम झालं की डिस्क काढून कपाटात. घानाच्या सर्व्हरला जे वीज जाण्याने मिळालं, ते आपण ठरवून करायचं.

दुसऱ्या गावातली प्रत का? १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाईलही बंद पडले, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सर्व्हरला यूपीएस हवाच. वीज जास्त वेळ गेली तर मशीन नीट बंद करणारं 'नट' नावाचं मोफत साधनही आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसता वीजपुरवठा तोडून भागत नाही. नेटवर्कची तारही काढावी, तिच्यातूनही झटका येतो.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नये, तो परत चढवून बघावा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नामांकित कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर सुटका झाली. तीन महिन्यांतून एकदा जुन्या संगणकावर बॅकअप चढवून चार फाइली उघडून बघितल्या तरी पुरे.

काही घडलंच तर

मशीनची नेटवर्कची तार काढावी. घाईने फॉरमॅट मारू नये, त्याने पुरावा जातो. नोंदींची प्रत काढावी. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. ज्यांची माहिती गेली त्यांना कळवावं, झाकून ठेवू नये.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्या, सेवा देणाऱ्या संस्था आणि सरकारी कार्यालयांनी ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या असतात आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. आपल्या संस्थेला तो लागू असो वा नसो, १८० दिवसांची सवय चांगली. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शाळा आणि मदरशांनी ती ध्यानात ठेवावी.

मुलामुलींसाठी

हे काम शिकायला महागडं मशीन लागत नाही. घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकावं, किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये संगणकाच्या आत संगणक चालवावा. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. सर्व्हर सांभाळण्याचं बरंचसं काम लांबून होतं, त्यामुळे गावात राहून शिकणाऱ्या मुलींनीही याकडे करिअर म्हणून जरूर बघावं.

एक ताकीद मात्र देतो. एनमॅप, वायरशार्क ही तपासणीची साधनं फक्त स्वतःच्या नेटवर्कवर चालवायची. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'सहज गंमत म्हणून केलं' हे पोलीस ठाण्यात चालत नाही.

वेळापत्रक

* रोज, पाच मिनिटं : निरोप आलेत का, बॅकअप झाला का, अनोळखी लॉगिन आहे का.
* दर आठवड्याला : डिस्कची जागा, बाकी राहिलेली अपडेट, बॅकअपची डिस्क जोडून पुन्हा काढणं.
* दर महिन्याला : ठरलेल्या रात्री रीस्टार्ट, खात्यांची यादी तपासणं, वही पूर्ण करणं.
* दर तीन महिन्यांनी : बॅकअप चढवून बघणं, राउटर आणि कॅमेऱ्यांची अपडेट, यूपीएसची बॅटरी.

संस्थेच्या पुढच्या मीटिंगमध्ये विश्वस्तांनी तीन प्रश्न विचारावेत. सर्व्हर कोण सांभाळतो? तो उद्या नसला तर दुसरा कोण? आणि बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला? उत्तरं एका कागदावर लिहून घ्यावीत, दोघांची नावं घालावीत, पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. जो हे काम मनापासून करतो त्याला संस्थेने मानधनही द्यावं. सॉफ्टवेअर मोफत आहे म्हणून त्या माणसाचा वेळही मोफत समजला, तर तोही एक दिवस निघून जाईल आणि मशीन पुन्हा कोपऱ्यात एकटं पडेल.